मुंग्या न येणारं घर

"जीभ काढ."

काकूंची आणि माझी ओळख या दोन शब्दांनी झाली. मोहाडीत तहसील कचेरीच्या मागच्या रस्त्याला मी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब टाकली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक ठेंगणी, सावळी बाई पदराच्या टोकाला काहीतरी बांधून आत आली. मला वाटलं पेशंट. मी खुर्ची दाखवली. ती बसली नाही. माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जीभ काढ." आता तुम्हीच सांगा, दिवसभर दुसऱ्यांना "मूठ आवळा, घाबरू नका" म्हणणाऱ्या माणसाला कोणी असा हुकूम सोडला तर तो काय करील? मी काढली. तिने पदराची गाठ सोडून एक हिरवं पान चिमटीत चुरगाळलं, माझ्या जिभेवर ठेवलं आणि पापणी न हलवता माझ्याकडे पाहत राहिली.

आधी नुसता गवताचा वास आला. मग गोडवा आला, आणि तो थांबेचना. साखरेची गोडी येते आणि जाते. ही जिभेच्या कडेने घशात उतरली, शेवटी थोडी कडवट झाली आणि तिथेच बसून राहिली. दुपारी डबा उघडला तेव्हा वांग्याच्या भाजीखालीही ती होतीच.

"गोड हाय ना?"

"हो."

"साखर हाय का त्यात?"

"पानात साखर कुठून येणार?"

"मंग," असं म्हणून ती निघून गेली. नाव सांगितलं नाही की काम सांगितलं नाही. समोरच्या पानटपरीवाल्याने हसत हसत मला विचारलं, "काढली का जीभ?"

मोहाडीत राहून काकूंसमोर जीभ न काढलेला माणूस तुम्हाला सापडणार नाही. तलाठी, एसटीचा कंडक्टर, आठवडी बाजारातला मिरचीवाला, सगळ्यांच्या जिभेवर तिचं पान पडलेलं होतं. एकदा तर लग्नाच्या मांडवात तिने नवरदेवाला जीभ काढायला लावली होती आणि वाजंत्री थांबली होती. पोरं तिला "जीभकाढ काकू" म्हणत आणि ती दिसली की तोंड घट्ट मिटून पळत. मोठ्यांना मात्र पळता येत नसे. ती जिभेकडे अशी पाहायची की गेल्या आठवड्यात आपण काय काय खाल्लं ते सगळं तिथे लिहिलेलं आहे असं वाटे. कचेरीतल्या एका कारकुनाला ती म्हणाली होती, "पेढा खाल्ला तू. मयताच्या घरून आला आणि पेढा खाल्ला." तो माणूस पांढरा पडला. त्यानंतर तो आमच्या रस्त्याने येईनासा झाला.

पान स्टीव्हियाचं होतं. कोणी त्याला गोड तुळस म्हणतात, पुस्तकात मधुपर्णी असंही नाव आहे. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, भाच्याने कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून एक रोप आणून एकोडीला लावलं होतं, त्याची फांदी काकू घेऊन आली. आमचा भाग धानाचा. इथल्या जमिनीला पाय ओले ठेवायची सवय, आणि या रोपाच्या मुळाशी पाणी साचलं की ते कुजतं. पहिली फांदी अशीच गेली. मग काकूने तेलाच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडली, फुटक्या बादल्या घेतल्या, जुन्या कूलरचा तळ घेतला, त्यांत वाळूमिश्रित माती भरली आणि एकीच्या चार, चारांच्या चाळीस फांद्या केल्या. अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत ती पानं वाळवायची, खलबत्त्यात कुटायची आणि वस्त्रगाळ पूड करून ठेवायची.

त्या पानाचे गुण ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. शुगर वाढत नाही, अंगावर चरबी चढत नाही, दात किडत नाहीत, चिमूटभर टाकलं तरी गंजभर, म्हणजे पातेलंभर, चहाला पुरतं. यात खोटं काही नव्हतं. मी फक्त एक गोष्ट दरवेळी जोडत असे. "काकू, हे पान म्हणजे औषध नाही. ते साखर नाही, एवढाच त्याचा गुण. गोळी चालू ठेवायची, भात कमी करायचा, चालायचं."

"मंग मी काय निराळं सांगून राहिली?" ती म्हणे. "साखर नाई, हेच तं औषध हाय. माणूस औषधानं कमी मरते, साखरेनं जास्त मरते."

तिचं घर माझ्या लॅबपासून दोन घरं सोडून होतं. पहिल्यांदा तिथे गेलो तो दिवस मला आठवतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत शिरताच एकदम गार अंधार. आढ्याला वाळलेल्या फांद्यांच्या जुड्या उलट्या टांगलेल्या. ओठांवरून सहज जीभ फिरवली तर ओठ गोड. मी काही खाल्लं नव्हतं, पाणीसुद्धा प्यालो नव्हतो. कुटलेल्या पानांची धूळ हवेत असते, ती ओठांवर बसते, हे मला पुढे कळलं. पण कळलं म्हणून पहिल्या वेळचा शहारा काही परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट लक्षात यायला जरा वेळ लागला. एवढ्या गोड घरात एकही मुंगी नव्हती. भिंतीच्या कडेला नाही, ओट्यावर नाही, देवासमोर नाही. मी तसं म्हणालो तेव्हा काकू मला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. कुंपणाच्या भिंतीवरून काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. तिने वाटेत एकीकडे पान ठेवलं आणि दुसरीकडे मला गुळाचा बारीक खडा ठेवायला लावला. तो खडा तिने शेजारणीकडून मागून आणला होता, तिच्या घरात गूळ नव्हताच. मुंग्या पानावरून अशा गेल्या की ते पान तिथे नाहीच. गुळापाशी मात्र सगळी रांग वळली.

"आपली जीभ फसते," काकू हळूच म्हणाली. "हिची नाई फसत. हिले समदं समजते."

ती मुंगीला "ही" म्हणायची, घरातल्या एखाद्या बाईबद्दल बोलावं तशी. "तुया लॅबपेक्षा जुनी लॅब हाय ही, बाबू," असंही म्हणायची. शुगरवाल्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे मलाही ठाऊक होतं. मी हसून म्हणालो, "आता घरोघरी संडास झाले काकू, मुंग्यांचा धंदा बसला." ती हसली नाही. भिंतीकडेच पाहत तिने मला तिच्या बाबांची गोष्ट सांगितली.

तिचं माहेर करडीचं. बाबांना शुगर होती, पण तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ते गोठ्यामागे जिथे लघवीला बसत तिथे मुंग्यांची रांग लागे. गावातल्या वैद्याने ती पाहिली आणि गोड बंद करायला सांगितलं. बाबांना गुळाशिवाय राहवत नसे. ते लाडक्या लेकीला मागत, आणि लेक फ्रॉकच्या घोळात लपवून गूळ नेऊन देई.

"मी देऊन येई आन् मागं पाहे तं रांग," काकू म्हणाली. "मले वाटे, मुंग्या माह्यावर पाळत ठेवून राहिल्या. घरात कोणाले नाई सांगतलं मी. बाबाचा पाय काळा पडला, मंग कापला. मंग ते गेले. समदे म्हणत, नशीब. मुंग्याईले ठाऊक होतं."

मग तुम्हाला कळेल की काकांना शुगर निघाली तेव्हा या बाईचं काय झालं असेल. काका म्हणजे सहा फूट उंचीचा, कमी बोलणारा, धानाचा छोटा व्यापार केलेला माणूस. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांवर सगळं. बांधावरून चालताना कापलेल्या धानाचं धसकट त्यांच्या उजव्या तळव्यात घुसलं आणि जखम भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शुगर आली नाही आटोक्यात तर पायाचं खरं नाही. त्या दिवसापासून काकूच्या घरात साखरेचा दाणा शिरला नाही. चहात पान, खिरीत पान, दिवाळीच्या करंजीतसुद्धा पान. ती स्वतःही तेच खायची. "एका घरात दोन गोडं नको," म्हणायची.

आणि तरीही काकांची शुगर उतरत नव्हती. दर महिन्याला काकू त्यांना घेऊन माझ्याकडे यायची. मी सुई टोचायचो, काका खिडकीबाहेर पाहायचे, आणि काकू त्या रक्ताच्या थेंबाकडे पाहायची. आकडा सांगितला की तिचा चेहरा लहान होत जाई.

"गोळी देते. भात मोजून देते. साखर घरात नाई. मंग येते कुठून, बाबू?"

गावात लोक बोलू लागले होते. पान-बिन सगळं थोतांड आहे, तिच्याच नवऱ्याला गुण नाही. बाजारात मिरचीवाल्याने तिच्या तोंडावर म्हटलं, "काकू, आता काकाजीचीच जीभ काढा आधी." सगळे हसले. त्या आठवड्यापासून ती कोणाला जीभ काढ म्हणेनाशी झाली.

काकांची मात्र ती रोज संध्याकाळी काढायला लावायची. ओट्यावर बसवून, मोबाईलचा दिवा लावून. एवढा मोठा माणूस डोळे मिटून, जीभ बाहेर काढून मुकाट बसायचा. ती वाकून बघायची, वास घ्यायची. वास गोड यायचा. "पान चावत होतो," काका म्हणायचे, आणि खरंच दाताला पान लागलेलं असायचं. ती खूश व्हायची.

काकांची अजून एक गोष्ट तिला फार आवडायची. आतल्या अंधाऱ्या खोलीत धान साठवायची बांबूची जुनी ढोली होती, पुरुषभर उंच. काका रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्यात पाणी घेऊन त्या ढोलीमागे जात आणि थोड्या वेळाने रिकामा तांब्या घेऊन बाहेर येत. "लक्ष्मीले पाणी देतो," म्हणत. काकू मला कौतुकाने सांगायची, "जन्मभर देवाले हात नाई जोडला या माणसानं. आता रोज ढोलीले पाणी देते. बिमारीनं माणूस सुधरते, पाह्य." मीही मान डोलवायचो. पेशंट देवाकडे वळला की लॅबवाल्याला नवल वाटत नाही.

वैशाखातल्या एका दुपारी काकू कडुलिंबाखाली पानं वाळत घालत होती. दमली म्हणून बुंध्याला टेकून बसली, ती उठलीच नाही. तिला कसलाच आजार नव्हता. लहान मुलीने हट्टाने मूठ आवळावी तशी तिची मूठ आवळलेली होती, आणि मुठीत पानं होती. काका तिच्या शेजारी मातीत बसून "अवो, अवो" एवढंच म्हणत होते. तिला ते कधी नावाने हाक मारत नसत. तिला घरात आणून पुढच्या खोलीत निजवलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत नेलं.

मोक्षधामातून परतल्यावर दारात पायांवर पाणी घेतलं आणि रीतीप्रमाणे कडुलिंबाचा पाला चघळायला हातात घेतला. पाला तिच्याच अंगणातल्या झाडाचा. मी तोंडात टाकला आणि थांबलो. कडू होता, पण त्याच्या आत गोड होतं. घशापर्यंत जाणारं, थांबून राहणारं, तेच. वर्षानुवर्षं त्या झाडाखाली कुटलेली पूड पानांवर बसली असेल, असं मी मनाशी म्हणालो. इतरांकडे पाहिलं. एरवी माणसं तोंड वाकडं करून पाला थुंकतात. त्या दिवशी कोणी थुंकलं नाही. सगळे खाली मान घालून चघळत होते.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. मयताचं डोकं जिथे टेकलं होतं तिथे तांदळाचं पीठ पसरतात, वर दिवा ठेवतात आणि त्यावर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पिठावरचा ठसा पाहायचा. चिमणीचा पाय दिसला तर माणूस चिमणी झालं, नागमोडी रेघ दिसली तर साप. मी विज्ञान शिकलेला माणूस, मला याचं हसू यायचं. हे सगळं पाहणारी होती काकांची थोरली बहीण, एकोडीला दिलेली. सगळे तिला आत्या म्हणत. पीठ तिनेच पसरलं, टोपलंही तिनेच झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचेच चहापाणी पाहतात. बायको विचारत होती, साखर घालू का? मी म्हटलं, फिकाच दे. पुढच्या खोलीत आत्या, भाचा, एकदोन शेजारणी आणि भिंतीला टेकलेले काका. आत्याने हात जोडले आणि टोपलं उचललं.

पिठाच्या मधोमध मुंग्या चालल्या होत्या.

ज्या घरात मी कधी एक मुंगी पाहिली नव्हती तिथे जाड काळी रांग होती. भिंतीच्या खालच्या फटीतून निघाली होती, दिव्याला वळसा घालून पीठ ओलांडून सरळ पुढे गेली होती. पिठावर तिच्या वाटेची रेघ उमटली होती, हाताने ओढल्यासारखी. एका शेजारणीने तोंडावर पदर घेतला.

"मुंगी झाली वो माही भावजय," आत्या म्हणाली. "पण चालली कुठं?"

रांग पिठावर थांबत नव्हती. ती खोली ओलांडून उंबऱ्यावर चढली आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली. आत्या तिच्यामागे गेली, आम्ही आत्याच्या मागे. कोणाचा पाय चुकून रांगेवर पडू नये म्हणून सगळे भिंतीला घासून चालत होतो. मी वळून पाहिलं तर काका उठले नव्हते. ते आमच्याकडे पाहत होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पाहिलं होतं आदल्या दिवशी, हे ते नव्हतं. ही भीती होती.

रांग ढोलीमागे शिरली. भाच्याने मोबाईलचा दिवा धरला. ढोली आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत एक पितळी परात होती, आणि परातीत मधोमध पत्र्याचा डबा. परात कोरडी पडली होती, तिच्या कडेला वाळलेल्या पाण्याचा पांढरा वळ होता. मुंग्या परात चढून, डब्याच्या झाकणाखाली शिरत होत्या. भाच्याने झाकण काढलं. आत गुळाचे खडे, आणि बुंदीच्या लाडवाचा चुरा.

तुमच्याही घरी कोणी मुंग्यांपासून गोड वाचवायला डबा पाण्यात ठेवला असेल. परातीत पाणी असेपर्यंत मुंगीला वाट नसते. काका रोज सकाळी तांब्याभर पाणी लक्ष्मीला नव्हे, परातीला देत होते. काल सकाळी दिलंही असेल. पण वैशाखाच्या उकाड्यात पाणी किती टिकणार, आणि आज सकाळी द्यायला ते उठले नव्हते.

काका दारात येऊन उभे राहिले होते. एवढा उंच माणूस चौकट धरून खाली बसला.

"सापडला तिले," ते म्हणाले.

आत्याने डबा उचलायला हात घातला. "फेकून येते हे पाप."

"राहू दे," काका म्हणाले. "तिचा हाय आता तो."

डबा तिथेच राहिला. रांग कितीतरी दिवस चालू होती. दहाव्याला आलेले पाहुणे ती पाहायला आतल्या खोलीत डोकावून जात आणि हात जोडून बाहेर येत. काका पुढच्या खोलीत, पीठ पसरलं होतं त्या जागेशेजारी, चटई टाकून पडलेले असत. डबा रिकामा झाला तशी रांग विरळ होत गेली. मग एक दिवस एकही मुंगी नव्हती. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

पाऊसपाण्याचे दिवस आले. धानाची रोवणी झाली. काका एकटेच माझ्याकडे येऊ लागले. आता मी सुई टोचायचो तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत नसत, रक्ताच्या थेंबाकडे पाहत. शुगर उतरत होती. गोळी तीच होती, भात तेवढाच होता, चहात तेच पान. फक्त ढोलीमागचा डबा रिकामा होता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली तेव्हा मी तो आकडा दोनदा पाहिला. तळव्याची जखम कडेने भरत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पाय वाचला.

मी आनंदाने म्हणालो, "काका, काकूचं खरं निघालं."

काकांनी तळव्याच्या जखमेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिले नाई म्हणता आलं नाई मले कधी. गुळालेही नाई म्हणता आलं नाई." मग खूप हळू, "लोक हासले तिले. बाजारात हासले. मी उभा होतो तिथं."

मी कापसाचा बोळा त्यांच्या बोटावर दाबून धरला.

ते जाताना दारात थांबले. "भाऊ, एक सांगू का? मी रोज चाय करतो. पान टाकूनच करतो. बशीत वतून तिच्या जागी ठेवतो. एक मुंगी येत नाई."

"पानाला येत नाहीत त्या, काका. काकूनेच मला दाखवलं होतं."

"तेच तं," ते म्हणाले. "तिचं आयकलं तं ती येत नाई. ती यावी तं साखर पाहिजे." आणि रस्ता ओलांडून गेले. मी लॅबच्या पायरीवर उभा राहिलो. मला त्यांची काळजी वाटू लागली. माणूस जिभेसाठी गूळ खातो ते सोडवता येतं. पण माणसाने बायकोसाठी गूळ खायचा ठरवला तर त्याला कोण काय सांगणार?

पितृपक्ष लागला. अविधवा नवमीला काकांनी मला जेवायला बोलावलं. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईची ती तिथी. आत्या आली होती, स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता. मी दुपारी गेलो तर काका पुढच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलेले. आढ्याला जुड्या नव्हत्या. नवी पूड आता होत नसे, कुटणारं कोणी नव्हतं. अंगणातली रोपं होती, काकांना पानं खुडण्यापुरतं जमत होतं.

त्यांच्यासमोर, काकूचं डोकं टेकलं होतं त्या जागी, फरशीवर साखरेची चिमूट होती.

मी दारातच थांबलो. "काका?"

"मी नाई खाल्ली," ते पटकन म्हणाले. "आईची आन. तिथीसाठी बोलावलं तिले. बस."

मी बसलो. काही वेळ काहीच झालं नाही. आत आत्या भांडी हलवत होती. मग भिंतीखालच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली, थांबली आणि तिच्यामागे बाकीच्या आल्या. त्याच फटीतून, त्याच वाटेने. पीठ नव्हतं तरी त्या तशाच वळसा घालून आल्या, तिथे दिवा ठेवलेला असावा तसा. साखरेपाशी पोचल्या आणि एकेक दाणा उचलू लागल्या. मला सगळं ठाऊक होतं, मुंग्यांची वाट कशी ठरते, वासाची रेघ कशी राहते. तरी मी श्वास आवरून बसलो होतो, आणि तिथे असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

काकांनी उजवा हात पालथा करून फरशीवर ठेवला. एक मुंगी रांग सोडून त्यांच्या बोटावर चढली. मनगटावरून, कोपरावरून, सदऱ्याच्या बाहीवरून वर गेली. दाणे खाली होते आणि ती वर चालली होती. काका हलले नाहीत. ती खांद्यावर आली, मानेवर आली, हनुवटीपाशी थांबली.

काकांनी डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

ती ओठाच्या कडेला गेली. मिशा हलवत तिथे उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता, आत्या दारात येऊन उभी होती. मग मुंगी वळली आणि ज्या वाटेने आली त्याच वाटेने, मानेवरून, बाहीवरून, बोटावरून खाली उतरून रांगेत मिसळली.

चिमूटभर साखरेला कितीसा वेळ लागतो? दाणे संपले. शेवटची मुंगी फटीत गेली आणि फरशी मोकळी झाली. आत्याने पानं वाढल्याचं सांगितलं, मला उठायची खूण केली. मी उठलो.

काका तसेच बसून होते, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून.